खुणेचा कप

आत्या, तुला शेवटची अंघोळ घातली तेव्हा मी रडत नव्हते, तुझे हात तपासत होते. तुला यात नवल वाटणार नाही. मला फौजदारीण हे नाव तूच ठेवलं होतंस. वहिनी पाणी ओतत होती, आई तुझे केस सारखे करत होती आणि मी तुझा उजवा हात धरून उलटसुलट करून बघत होते. कोपर, मनगट, बोटांची पेरं. कुठे एक चट्टा नव्हता. ज्या हातांवरून माशाच्या खवल्यांसारखे पापुद्रे गळताना मी लहानपणापासून पाहिले, ते हात साफ होते.

शेजारची म्हातारी म्हणाली, "देवानं जाताना चोखट केली गं तिला. पोरीवानी कांती झाली बघा."

सगळ्या बायकांनी माना डोलावल्या. मला मात्र तिथेच संशय आला. जवळून पाहिलं तर ती कांती पोरीची नव्हतीच. कांद्याच्या सालीसारखी पातळ झाली होती आणि तिच्याखाली जांभळे डाग पसरले होते. देवाला बरंच करायचं असतं तर त्याने असं अर्धवट काम केलं नसतं. हे काम माणसाचं होतं. तो माणूस कोण, ते शोधल्याशिवाय मी गप्प बसणार नव्हते.

आज तुझं बारावं होऊन पंधरा दिवस झाले. तो माणूस सापडला. म्हणून हे लिहायला बसले आहे. तुला वाचता येत नव्हतं, पण माझी पत्रं तू वहिनीकडून दोनदा वाचून घ्यायचीस. हेही तसंच ऐक.

सुरुवात त्या जीपपासून करते. मी तिसरीत असेन. महारोगाची तपासणी करणारी दोन माणसं जीपमधून गावात आली होती आणि शाळेच्या ओट्यावर सगळ्यांना रांगेत बसवत होती. ज्याच्या अंगावर डाग, त्याला डोळे मिटायला लावायचं आणि डागावर आधी पीस फिरवायचं, मग टाचणी टोचायची. समजलं की घरी जा. रांगेत सगळा गाव होता, फक्त तू नव्हतीस. मी तुला शोधत खळ्यावर आले, तर तू पेंढ्याच्या उडवीमागे गुडघ्यात मान घालून बसली होतीस. माझ्या हातावर दोन बोरं ठेवलीस.

"बाय, कुनाला सांगू नको. नाव ठेवतील."

"कोणतं नाव?"

"कोनतं का असंना. एकदा ठेवलं की ते जात नाय."

मी सांगितलं नाही. बोरं खाल्ली आणि गप्प बसले. आज वाटतं, बोंब मारायला हवी होती. तुला त्यांनी ओट्यावर बसवलं असतं, टाचणी टोचली असती, तू "आई गं" म्हणून ओरडली असतीस आणि त्याच क्षणी सगळं मिटलं असतं. महारोगाचा डाग बधिर असतो. तुझे चट्टे कधीच बधिर नव्हते. ते खाजायचे, चिरायचे, मिठाचा हात लागला की तू ओठ चावायचीस. म्हणजे पुरावा तुझ्या अंगावरच होता. तुला स्वतःलाच वाटत होतं का गं, की तो महारोगच आहे? हे मी तुला कधी विचारलं नाही.

तू का लपलीस ते मला मोठेपणी कळलं. आपल्याकडे लग्नाला भटजी मुहूर्तापुरता येतो, बाकी सगळं लग्न धवलारणीचं. मांडव पडल्यापासून वरात उठेपर्यंत प्रत्येक विधीला तिची गाणी, तिचे धवले लागतात आणि नवरानवरीला हळदीचा पहिला हात तिचाच, मग ती विधवा का असेना. तुझा नवरा लवकर गेला, मूल नाही, माहेरी आलीस, आणि तरी खालापूरपासून कर्जतपर्यंत कोणाच्याही घरात तुला मान होता तो या एका हातामुळे. हिराबाय आल्याशिवाय जात्याला हळकुंड लागत नसे. तुझे धवले मी मांडवात आईच्या मांडीवर बसून ऐकले आहेत. तू गायला लागलीस की भांडणारी माणसं आवाज खाली आणायची. त्या हाताला जर कोणी नाव ठेवलं असतं तर तुझ्याकडे उरलं काय असतं?

आणि तुझी हुशारी बघ. लग्नसराईत तुझे हात कोपरापर्यंत पिवळे असायचे. त्या पिवळ्याखाली काय आहे ते कोणाला दिसत नसे. बाकीच्या दिवसांत तू पदर खाली ओढून घ्यायचीस. अख्ख्या तालुक्याला तू फसवलंस, एका मला सोडून.

मला शाळेत घालायला बाबा तयार नव्हते, तेव्हा तू त्यांच्याशी भांडलीस. सातवीनंतर खालापूरच्या शाळेत जायचं तर वाटेत ओढा. पावसाळ्यात रोज सकाळी तू माझा हात धरून मला पलीकडे सोडायचीस आणि संध्याकाळी पलीकडच्या दरडीवर उभी असायचीस. तुझ्या तळव्याच्या भेगा माझ्या हाताला टोचायच्या. चार पावसाळे मी तो हात धरला आणि मला काहीही झालं नाही. फौजदारीण म्हणवणाऱ्या पोरीला एवढा साधा पुरावा दिसू नये?

तो दिसला नाही, कारण मी शिकले. अध्यापक विद्यालयात आम्हाला आरोग्यावर एक धडा होता. संसर्गजन्य रोग, त्यांचे प्रकार, घ्यायची काळजी. परीक्षेत मला त्या विषयात सगळ्यांत जास्त गुण होते. सुट्टीत घरी आले आणि पहिलं काम केलं ते म्हणजे कपांचं. घरात सहा कप होते, सगळे सारखे, निळ्या काठाचे. मैत्रिणीकडून आणलेल्या नखांच्या लाल रंगाने मी एका कपाच्या बुडाला बारीक ठिपका काढला. चहा ओतताना कप तिरका करून बघायचा आणि ठिपक्याचा कप तुला द्यायचा. वरून काही दिसत नव्हतं. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "तुला जास्त कळतं, तू शिकलीस." झालं. त्या दिवसापासून तुझा कप वेगळा.

तू कधी काही बोलली नाहीस. उलट म्हणायचीस, "माज्या बायच्या हातचा चा म्हंजे चा." मी खूश व्हायचे. मला वाटायचं, किती बेमालूम जमवलंय.

मग माझं लग्न ठरलं, कर्जतला. आता ते सांगते, जे तू असताना माझ्या तोंडून निघालं नाही.

हळदीला तुझा हात नको, असं सासरच्यांनी कधीही म्हटलं नव्हतं. त्यांना तुझ्या हाताबद्दल ठाऊकच नव्हतं. ते मी म्हटलं होतं. आईला एका बाजूला घेऊन म्हटलं, "आत्याचा हात माझ्या तोंडाला लागायला नको." आई रडली. मग मीच युक्ती काढली. तुला येऊन सांगितलं, "आत्या, सासरची माणसं त्यांच्याकडची धवलारीण आणणार म्हणतात. त्यांच्यात तशीच रीत आहे." तू तांदूळ पाखडत होतीस. सूप थांबलं नाही. तू म्हणालीस, "असंना. ज्याची त्याची रीत." आणि पुढचं पाखडत राहिलीस.

दीड महिन्याने, लग्नाला आठ दिवस राहिले असताना, तू माझ्यासमोर येऊन उभी राहिलीस. पदर खांद्यावर टाकला होता आणि दोन्ही हात कोपरापर्यंत उघडे. मी बघतच राहिले. हात स्वच्छ होते. नवीन आलेल्या कातडीवर थोडी लाली होती, बस्स. गालसुद्धा भरले होते.

"काय केलंस?"

"कडूनिंब," तू म्हणालीस. "आन् पथ्य. बघ नीट. तुला आवडतं ना तपासायला?" मी तपासले. मग तू हळूच विचारलंस, "आता तरी लावू का गं, हलद?"

मी हो म्हटलं. सासरची धवलारीण एका दिवसात रद्द झाली, कारण ती कधी ठरलेलीच नव्हती. तू मला हळद लावलीस, गायलीस, आणि माझ्या नावाचा धवला येताच तुझा आवाज फुटला. माझ्या लग्नासारखं लग्न आपल्या गावात पुन्हा झालं नाही, असं अजून लोक म्हणतात.

आत्या, मी दुधावर संशय घेते, वाण्याच्या तराजूवर घेते, शेजारणीच्या गोड बोलण्यावर घेते. पण दीड महिन्यात कडुनिंबाने जन्माचं दुखणं जातं, यावर मी क्षणभरही संशय घेतला नाही. ते माझ्या सोयीचं होतं.

त्यानंतरची बारा वर्षं तू आणि मी एकच भांडण भांडलो. आषाढ आला की तुझं दुखणं उसळायचं. आधी नव्हते असे चट्टे यायचे, पाठीवर, पोटावर, डोक्यात. भाताच्या आवणीच्या चिखलात हात घालणं अशक्य व्हायचं. एका वर्षी तर सगळं अंगच लाल होऊन सोलत होतं, थंडी भरून आली होती आणि तू दोन गोधड्यांखाली कुडकुडत होतीस. मी सुट्टी टाकून आले.

"पनवेलला डॉक्टरकडे चल."

"नको."

"अगं, का नको?"

"डाक्टर नाव ठेवील."

"ठेवू दे की! नाव कळलं तर औषध मिळेल."

"तुला औषद दिसतं, मला मांडव दिसतो," तू म्हणालीस. "माघात बरी होते मी. दर वर्सी होते. तू जा, तुजी शाला बुडते."

आणि खरंच, माघात तू बरी व्हायचीस. माघ ते ज्येष्ठ साफ, आषाढापासून पुन्हा भडका. मी कारणं शोधायचे. एका वर्षी वाटलं चिखल. एका वर्षी वाटलं खत. मग ओढ्याच्या पाण्यावर संशय घेतला, मग कारखान्यांच्या बाजूने येणाऱ्या वाऱ्यावर. वहीत लिहून ठेवायचे, कोणत्या महिन्यात काय. सगळा हिशेब समोर होता आणि मला हे दिसलं नाही की तुझं दुखणं पावसाच्या नाही, लग्नाच्या तिथींवर चालतं.

शेवटच्या तीन वर्षांत आषाढातही तू साफ राहायला लागलीस. मी सुटकेचा श्वास टाकला. चेहरा गोल गरगरीत झाला होता, मानेमागे मांस वाढलं होतं, हातपाय मात्र काटकुळे. जरा कुठे खरचटलं की महिना महिना भरत नसे. मग खोकला सुरू झाला. आपण म्हटलं, वय झालं.

या पावसाळ्याच्या शेवटी तुला मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नेलं. चारच दिवस होतीस तिथे. एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी तुझ्या कानाशी वाकून विचारलं, "आजी, काही गोळ्या, पुड्या घेत होतात का?" तू मान हलवलीस, नाही. मग माझ्याकडे बघितलंस. ती नजर मला तेव्हा वाचता आली नाही. क्षय दोन्ही फुप्फुसांत पसरला होता. बाई म्हणाल्या की अंगात प्रतिकारशक्ती म्हणून काही शिल्लकच नाही, असं का व्हावं ते समजत नाही.

तो शब्द मी घरी येऊन सांगितला आणि चूक केली. हल्ली वर्तमानपत्रात त्या परदेशातून आलेल्या नव्या रोगाबद्दल येतं ना, त्यातही हाच शब्द असतो. दादाने तो वाचला होता. तू गेलीस त्या दिवशी तो मला पडवीत घेऊन म्हणाला, "सुमे, खरं सांग. हिराआत्याला तो नवा रोग तर नव्हता ना?" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या बाईने तीस वर्षं कोणा पुरुषाकडे मान वर करून पाहिलं नाही, तिच्याबद्दल तिचाच भाचा! मी त्याला नको ते बोलले. पण ऐकणारे ऐकत होतेच. दहाव्याला पाच बायका कमी आल्या. जन्मभर तू ज्या नावाला घाबरलीस, ते नाही तर दुसरं, नाव तुला ठेवलंच लोकांनी.

बाराव्यानंतर तुझी पेटी मी उघडली. वर नवरीचे जुने मुंडावळ्यांचे दोरे, हळदीची डबी, लग्नांत मिळालेले चोळीचे खण. खाली एका पिशवीत कागदाच्या पुड्या, रांगेने लावलेल्या. राखाडी भुकटी. मी जिभेला लावून पाहिली. कडू होती, पण तो कडूपणा कडुनिंबाचा नव्हता.

एक पुडी घेऊन मी डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, तपासल्याशिवाय खात्रीने सांगता यायचं नाही, पण आठ-पंधरा दिवसांत चट्टे जातात, भूक वाढते, चेहरा गोल होतो, बंद केलं की दुप्पट उसळतं, ही झाडपाल्याची लक्षणं नाहीत. वैद्याच्या पुडीत डॉक्टरी गोळ्यांमधलं असं जालीम औषध कुटून घातलेलं त्यांनी आधीही पाहिलं होतं. तुझ्या दुखण्याचं नाव सोरायसिस. घे, ठेवलं अखेर नाव. ते लागट नाही. एकाच्या हातून दुसऱ्याला होत नाही, कपातून तर नाहीच.

मग त्यांनी जे समजावलं ते मी तुला आपल्या भाषेत सांगते. अंगात राखणदार असतात, बाहेरून येणाऱ्या रोगाला हाकलणारे. तुझे राखणदार कमजोर नव्हते. ते नको तेवढे जागे होते. पाखरू दिसलं नाही तरी गोफण फिरवायचे आणि दगड आपल्याच पिकावर. ते चट्टे म्हणजे त्या दगडांचा मार. पूर्ण उलगडा अजून झालेला नाही, असंही त्या म्हणाल्या. पुडीने काय केलं, तर राखणदाराला झोपवलं. पीक छान दिसायला लागलं. पण राखण नाही म्हटल्यावर रानडुकरं येणारच. पुडी एकदम तोडली की तो राखणदार पिसाळून उठायचा, म्हणून आषाढात तसं व्हायचं. शेवटच्या तीन वर्षांत तू ती आषाढातही तोडली नसणार, आणि बारा वर्षांत त्याला पुरतं मारूनच टाकलं. "निदान इस्पितळात तरी खरं बोलायला हवं होतं त्यांनी," बाई म्हणाल्या. "आम्ही ते एकदम तोडू दिलं नसतं."

खरं कसं बोलणार होतीस तू? शेजारी मी उभी होते ना.

पुड्यांच्या कागदावर शिक्का होता. त्यावरून कुंभिवलीला हमरस्त्याच्या कडेला बसणारा तो जडीबुटीवाला सापडला. तंबूच्या आत बाटल्या, मुळ्या, खांबाला देवाची तसबीर. मनात शंभर शिव्या तयार करून गेले होते. पुडी त्याच्या पुढ्यात टाकली आणि तुझं नाव सांगितलं.

"हिराबाय? गानारी?" तो म्हणाला. "गेली? अरेरे. लई चांगली बाई. दर माघात येनार म्हंजे येनार."

"यात काय घालता तुम्ही?"

"जडीबुटी."

"खोटं बोलू नका. मी शिक्षिका आहे. पुडी डॉक्टरांना दाखवलीय."

तो जरा सावध झाला. मग म्हणाला, "बाई, मी काय तिच्या घरी गेलो नव्हतो. पयल्या खेपेला तीच आली पायी चालत. म्हनली, भाचीचं लगीन हाय आन् माझी भाची म्हनते तुझा हात नको. मी म्हनलो, भाची अशी कशी? तर हसली. म्हनली, फौजदारीन हाय ती, तिच्यापुढं हात साफ पायजे." त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "ती भाची तुमीच काय?"

मी पुडी उचलली. शिव्या तशाच परत घेऊन आले. त्याच्याविरुद्ध अर्ज करणार आहे, तो मी लिहिला आहे आणि उद्या देणार आहे. त्याला सोडणार नाही. पण अर्जात आरोपीच्या नावापुढे एकच रेघ आहे आणि तिथे एकाच माणसाचं नाव मावतं.

म्हणजे तुला माहीत होतं. सूप थांबलं नाही तेव्हाही माहीत होतं. सासरची रीत, त्यांची धवलारीण, सगळं खोटं आहे हे तू ओळखलंस, आणि मला एका शब्दाने लाजवलं नाहीस. उलट जाऊन स्वतःचे हात बदलून आणलेस. आत्या, तू मला एक थोबाडीत मारायला हवी होतीस.

मी स्वतःची समजूत घालत होते की निदान कपाचं तरी तुला कळलं नसेल. ठिपका बुडाला होता. बघायचाच तर कप उलटा करायला हवा. चहा पिताना कप कोण उलटा करतं? माझ्या कर्जतच्या घरीही मी तसाच एक कप ठेवला होता, तू यायचीस म्हणून. पंधरा वर्षांत तुझ्या चेहऱ्यावर काही दिसलं नव्हतं.

आता शेवटची गोष्ट. गेल्या दिवाळीत माझ्या डाव्या कोपरावर रुपयाएवढा लाल डाग उठला. वर पांढरा पापुद्रा. मी तो पाहताक्षणी ओळखला. आणि पहिला विचार काय आला सांगू? तुझ्यामुळे झालं, असा. मी लांब बाह्यांची पोलकी शिवून घेतली आणि कोणाला दाखवलं नाही. पुडी दाखवायला गेले तेव्हा डॉक्टरीणबाईंना कोपरही दाखवलं. त्या म्हणाल्या, हे कोणाच्या हातून आलेलं नाही. घराण्यात असतं, रक्तातून येतं. म्हणजे मी तुझा कप वेगळा करत होते, तेव्हा ते माझ्यात होतंच. बाबांकडून मिळालं होतं, जसं तुझं नाक मिळालं.

परवा शाळेतून आले. माझ्या वैशूने चहा केला होता. ती दहा वर्षांची झाली, आता गॅस पेटवू देते मी तिला. कपडे बदलताना माझी बाही वर गेली होती आणि ती दारात उभी होती, एवढं मला आठवतं. तिने कप माझ्यापुढे ठेवला. तो इतर कपांसारखाच होता. पण तिने तो ठेवला कसा, हात कसा चटकन मागे घेतला, मग स्वतःच्या कपाकडे कशी गेली, यात काहीतरी होतं. मी कप उलटा केला नाही. गरज पडली नाही. ठिपका आहे हे मला बुडाकडे न बघता कळलं. तू यायचीस तेव्हा मी कप तिरका करून बघते, हे पोरीने लहानपणापासून पाहिलं होतं. ती माझ्याकडूनच शिकली.

तेव्हा मला समजलं, आत्या, की तुला पहिल्याच दिवशी समजलं होतं. ज्याला तो कप मिळतो त्याला समजतंच. तू पंधरा वर्षं त्या कपातून चहा प्यालीस आणि वर म्हणालीस, माज्या बायच्या हातचा चा.

माझ्याने तसं म्हणवलं नाही. मी तेवढी मोठी नाही. चहा तसाच ठेवला, बाही वर केली आणि वैशूला म्हटलं, "इकडे ये. हात लाव इथे."

ती घाबरली. "तुला हिराआजीसारखं झालं?"

"हो. लाव. काही होत नाही."

तिने आधी एक बोट लावलं. मग पूर्ण तळवा ठेवला, चट्ट्यावर, आणि तसाच ठेवला. मग माझ्याकडे वर बघून म्हणाली, "आई, हे खूप खाजतं का गं?"

आत्या, जन्मभर मी तुझे हात तपासले. हे मात्र मी तुला एकदाही विचारलं नाही.